खाडीची पाठ आणि पांढरी भिंत

पौषातली अमावास्या. सकाळ. सूर्य अजून डोंगराआड, ओहोटी अगदी तळाला गेलेली. खाडीच्या काठावर राजाच्या चाळीस बैलगाड्या ओळीने उभ्या, आणि त्यांच्यासमोर एकटी एक म्हातारी. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. पुढचं ज्याने त्याने आपापल्या सोयीने सांगितलं, म्हणून ते एकदा नीट सांगायला हवं.

गोष्ट फार जुनी आहे. राजे होते, राज्यं होती, आणि समुद्र तेव्हाही दिवसातून दोनदा येऊन जात होता, त्या काळची.

दोन डोंगरांच्या मधून समुद्र आत शिरला होता आणि एखाद्या दमलेल्या जनावरासारखा तिथेच पसरून राहिला होता. त्या पसरलेल्या पाण्याला लोक खाडी म्हणत. काठावर बेचाळीस घरांचं गाव होतं. गावातले पुरुष होड्या घेऊन मासे धरायला जात, आणि बायका ओहोटीला खडकावरची कालवं काढत. कालव म्हणजे दगडाला चिकटून राहणारा, खडबडीत शिंपल्यातला जीव. चवीला गोड, हाताळायला महाकठीण.

खाडीच्या मधोमध एक लांबलचक उंचवटा होता. भरतीला तो पाण्याखाली जाई आणि ओहोटीला वर येई, तेव्हा पाण्यात बसलेल्या म्हशीची पाठ दिसावी तसा दिसे. म्हणून त्याचं नाव पाठ. अर्धा कोस लांब, आणि दगडाचा एक तुकडाही त्यात नाही. सगळी पाठ कालवांच्या शिंपल्यांची होती. खाली मेलेले शिंपले, त्यांच्यावर जिवंत कालवं, आणि त्यांच्या फटींतून खेकडे, कोळंबी, माशांची पिल्लं.

गावाची एक रीत होती. खाल्लेल्या कालवाचे शिंपले उकिरड्यावर टाकायचे नाहीत. ते साठवायचे, आणि अमावास्येच्या ओहोटीला टोपलीतून नेऊन पाठीवर टाकायचे. गावात नवी सून आली की आधी तिच्या डोक्यावर शिंपल्यांची टोपली द्यायची, मग तिला उंबरा ओलांडू द्यायचा. कालवं काढणाऱ्या बायकांमध्ये जी वयाने सगळ्यात मोठी, तिला थोरली म्हणत. पाठीवरची कालवं कधी काढायची आणि कधी राहू द्यायची, हे थोरली सांगे, आणि तिचा शब्द गाव पाळे.

शिंपले परत का टाकायचे, असं कुणी विचारलं तर उत्तर एकच. आजी टाकायची. आजीला विचारलं असतं तर तिनेही तेच सांगितलं असतं.

आता त्या सकाळकडे येऊ.

राजाला खाडीच्या तोंडाजवळच्या आपल्या राजवाड्याभोवती, समुद्राकडून आणि डोंगराकडून, एक भिंत हवी होती. सात कोसांवरून येणाऱ्या गलबतांना दिसावी अशी, दुधासारखी पांढरी. एवढ्या भिंतीला चुना हवा, चुन्याला शिंपले हवेत. शिंपले भट्टीत भाजले की चुना होतो, आणि एवढे शिंपले एका जागी राज्यात दुसरीकडे कुठेच नव्हते. म्हणून कारभारी गाड्या घेऊन आला होता. हातात मोहोर लावलेला हुकूम होता, पण त्याने तो दाखवला नाही. तो गोड बोलला.

"आजी, हे समोर काय आहे?"

"पाठ," थोरली म्हणाली.

"जिवंत आहे?"

"वर कालवं आहेत, ती जिवंत. खाली नुसते शिंपले."

"म्हणजे मेलेले."

"मेलेले."

"मग मेलेल्या शिंपल्यांचं तुम्हाला काय काम?"

थोरली म्हणजे वाऱ्याच्या वासावरून भरतीची वेळ सांगणारी बाई. चिखलावरच्या भोकावरून आत खेकडा आहे की साप, हे ओळखणारी. मागे सगळ्या बायका तिच्या उत्तराची वाट बघत होत्या, आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं.

ठाऊक नाही, एवढं ती म्हणाली असती तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण चारचौघांत, परक्यासमोर, साठ वर्षं केलेल्या कामाचं कारण आपल्याला सांगता येत नाही, याची तिला लाज वाटली. त्या लाजेपोटी ती म्हणाली, "न्या. वरची कालवं तेवढी बाजूला ठेवा."

कारभाऱ्याने हुकूम तसाच कमरेला खोचला. जे मागून मिळतं ते हिसकावण्याचे कष्ट शहाणा कारभारी घेत नाही.

पौषापासून शिमग्यापर्यंत गाड्या येत राहिल्या. लपवण्यात अर्थ नाही, टोपल्या गावानेच भरल्या. राजाची भिंत आपल्या खाडीची होणार, याचा गावाला अभिमान वाटत होता. वरची कालवं बाजूच्या चिखलात ठेवली होती, ती चिखलात रुतून गुदमरली. शिमग्याची होळी पेटली त्या दिवशी पाठ पाण्याखाली गेली होती आणि ओहोटीलाही वर आली नाही.

भिंत झाली. खरं ते सांगायचं तर ती सुंदर होती. सकाळचं ऊन पडलं की डोळे दिपत. गलबतावरचे परके खलाशी डोलकाठीवर चढून तिच्याकडे बघत आणि काही वेळ शीळ घालायचीही विसरत. थोरलीही बघायला गेली होती. तिचे डोळे भरून आले. सोबतच्या बायकांना ती म्हणाली, "बघा गं, आपल्या खाडीचं रूप."

पाठ गेल्यावर पहिल्या वर्षी काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी पाणी नाचणीच्या आंबिलीसारखं झालं आणि तसंच राहिलं. जिथे कमरेइतक्या पाण्यात पायाची बोटं दिसत, तिथे गुडघ्याखालचं दिसेना. पाण्यातलं गवत कुजलं. माशांची पिल्लं लपायला येत ती यायची थांबली, आणि पिल्लं नाहीत म्हटल्यावर मोठे मासेही गेले. पूर्वी उधाणाच्या लाटा पाठीवर आपटून मोडत. आता त्या थेट गावात येऊ लागल्या. काठाचे माड मुळांसकट आडवे झाले. विहिरी खारट झाल्या.

कारभाऱ्याने दरबारात तीन वेळा खुलासा केला. पहिल्यांदा म्हणाला, पाऊस जास्त झाला. दुसऱ्यांदा म्हणाला, पाऊस कमी झाला. तिसऱ्यांदा म्हणाला, गावाला कुणाची तरी दृष्ट लागली. तिन्ही खुलासे दरबाराने मान डोलावून ऐकले. चौथ्या खुलाशाची वेळ आली तेव्हा बेचाळीसातली एकोणीस घरं गाव सोडून गेली होती.

विसावं घर थोरलीचं होतं.

तिची सून भांडी बांधत होती. थोरली उंबऱ्यावर बसून बघत होती.

"कधी निघायचं?" तिने विचारलं.

"पुढच्या अमावास्येला. वरच्या राज्यात मिठागरावर माणसं हवी आहेत म्हणे."

"मी नाही येत."

सुनेने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "आत्या, तुमच्या एका 'न्या'नं चाळीस गाड्या भरल्या. आता माझी एक भरायला हात लावा. नाहीतर निदान वाटेतून उठा."

थोरली उठली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या ओहोटीला ती टोकदार लोखंड घेऊन बाहेर पडली. कालवं मिळतील अशी आशा नव्हती. पण साठ वर्षं ओहोटीला बाहेर पडलेले पाय घरात थांबत नाहीत.

एकेक खडक बघत ती गेली. प्रत्येकावर बोटभर गाळ. हात फिरवला की बुळबुळीत चिखल हाताला लागे. असं करत करत ती राजाच्या भिंतीच्या पायथ्याशी पोचली. भरतीला तिथे पाणी भिंतीला भिडे. घाईत केलेलं काम कुठेतरी उघडं पडतंच. तिथे गिलाव्याचा एक मोठा पापुद्रा भिंतीवरून सुटून पाण्यात पडला होता आणि दोन दगडांना टेकून उभा राहिला होता.

तो तिने उलटला. तळहात त्यावर फिरवला, आणि झटकन मागे घेतला. बोट कापलं होतं, रक्त आलं होतं.

चिखल बोट कापत नाही.

तिने वाकून बघितलं. पांढऱ्या गिलाव्यावर, खालपासून वरपर्यंत, कालवांची पिल्लं बसली होती. कुणी नखाएवढं, कुणी तिळाएवढं. इतकी दाट की मधला चुना दिसत नव्हता. तिने शेजारचा काळा दगड चाचपला. काही नाही. त्याच्या पलीकडचा चाचपला. तिथेही नाही. पुन्हा ती त्या पांढऱ्या तुकड्याकडे आली आणि पाण्यात गुडघे टेकून बसली.

साऱ्या खाडीत, डोळ्यांना दिसणार नाहीत असे लाखो जीव पाण्यावर वाहत होते, बूड टेकायला जागा शोधत होते. चिखलात त्यांना टेकता येत नव्हतं. आणि एवढ्या अफाट पाण्यात, अंधारात, डोळे नसताना, त्यांनी नेमका तोच एक तुकडा हुडकला होता ज्यात त्यांच्या आज्या-पणज्यांचे शिंपले दळून मिसळलेले होते. भट्टीत जाळून, पाण्यात विरवून, वाळूत कालवून, भिंतीवर थापून झाल्यावरही त्यांनी आपल्या माणसांना ओळखलं होतं.

साठ वर्षं डोक्यावरून टोपल्या वाहिल्या त्याचं कारण थोरलीला आज, त्या गुडघाभर पाण्यात, कळलं. मेलेल्यांच्या पाठीवरच जिवंत बसतात. गाळात ते बसूच शकत नाहीत.

ती घरी आली. सुनेसमोर तिने तो तुकडा ठेवला आणि रक्ताळलेलं बोटही दाखवलं.

सुनेने तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला. मग म्हणाली, "राजा ऐकेल?"

"नाही ऐकणार."

"मग?"

"त्याला दाखवायचं. कालवं ठेवलेल्या पातेल्यातलं गढूळ पाणी कसं निवळायचं, आठवतंय ना?"

खाडीच्या तोंडाशी, उघड्या समुद्राकडच्या एका कड्याखाली, थोडी मोठी कालवं अजून तग धरून होती. दोघींनी तिथून तीस काढली. तेवढीच होती. ती मेली असती तर त्या खाडीत पुढे पिल्लांना जन्म देणारं कुणी उरलं नसतं. सुनेने विचारलं, "सगळी न्यायची?" थोरली म्हणाली, "माझ्याकडे गाड्या नाहीत. एवढंच आहे." ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यांनी ती डोक्यावर घेतली, आणि मागून थोरलीच्या मुलाने दोन हंडे खाडीचं गढूळ पाणी कावडीने आणलं.

राजवाड्याच्या चौकात कारभारी आडवा आला. "आजी, आता काय आणलंत?"

"महाराजांना मेजवानी," थोरली म्हणाली. कारभाऱ्याला ते खरं वाटलं, म्हणून ती आत पोचली.

राजा तरुण होता आणि वाईट नव्हता. त्याला कुणी काही सांगत नव्हतं, हीच त्याची अडचण होती, आणि त्याने विचारलं नव्हतं, ही त्याची चूक. चौकात घोड्यांना पाणी पाजायच्या दोन दगडी डोणी होत्या. थोरलीने त्या रिकाम्या करायला लावल्या. दोन्हींत खाडीचं पाणी ओतलं. दोन्ही सारख्याच गढूळ झाल्या, तळ दिसेना. एका डोणीत तिने तीस कालवं सोडली. दुसरी तशीच ठेवली.

"आता?" राजाने विचारलं.

"आता बसायचं."

"किती वेळ?"

"महाराज, आम्ही चार वर्षं बसलो आहोत."

चौकात हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. राजा बसला. त्याचं बघून दरबारही उन्हात बसला. कारभारी सावलीत उभा राहिला.

पहिली घटका काही झालं नाही. मग कालवांनी शिंपले केसभर उघडले. आणखी काही झालेलं दिसलं नाही. आवाज नाही, हालचाल नाही. पण सूर्य माथ्याकडे सरकत गेला तसतसं एका डोणीतलं पाणी पातळ दिसू लागलं. आधी कालवांचे आकार दिसले. मग त्यांच्या पाठीवरच्या रेघा. मग डोणीच्या तळाचा दगड, आणि ज्या पाथरवटाने ती डोण कोरली होती त्याच्या छिन्नीचे घाव, एकेक, मोजता येतील असे.

दुसरी डोण सकाळी होती तशीच आंबिलीसारखी होती.

राजा उठला, डोणीपाशी गुडघ्यांवर बसला आणि बाही वर न सारताच त्याने हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. स्वतःची बोटं तो पाण्यातून बघत राहिला.

"हे कुणी केलं?"

"त्यांनीच. ते पाणी आत घेतात, गाळ धरतात, पाणी सोडून देतात. दिवसभर तेच करतात."

"अशी किती होती पाठीवर?"

"अर्धा कोस लांब पाठ, महाराज, आणि पाऊल ठेवायला मोकळी जागा नव्हती."

राजाने पाण्यातला हात काढला नाही. अर्धा कोस कालवं रोज किती पाणी गाळत असतील, याचा त्याने मनात अंदाज घ्यायचा प्रयत्न केला, आणि त्याला तो घेता येईना. त्याच्या साऱ्या राज्यात एवढं काम करणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं.

मग थोरलीने गिलाव्याचा तुकडा पुढे केला आणि काय हवं ते सांगितलं.

"भिंत पाडायची?" कारभारी सावलीतून बाहेर आला. "सात कोसांवरून लोक ती बघतात."

"बघतात आणि निघून जातात," थोरली म्हणाली. "राहतो आम्ही."

"आणि शिंपले न्या म्हणालं कोण? तुम्हीच ना, आजी? चाळीस गाडीवान साक्षीला आहेत."

"साक्षीची गरज नाही. मीच म्हणाले. मला उत्तर येत नव्हतं आणि ते कबूल करायची लाज वाटली. चूक माझी." ती त्याच्याकडे वळली. "मला एवढं म्हणता येतं. तुम्हाला काय म्हणता येतं ते बघा."

कारभाऱ्याने पागोटं सारखं केलं.

राजाने भिंत बांधणाऱ्या गवंड्याला बोलावलं. "पाडायला किती दिवस लागतील?"

गवंड्याने खाली बघत सांगितलं, "बांधायला दोन वर्षं लागली. समुद्राकडची बाजू पाडायला आठ दिवस."

"पाड."

पहिला घाव गवंड्यानेच घातला. दुसऱ्या कुणाला घालू देईना. त्याच गाड्या पुन्हा निघाल्या, आता खाडीच्या दिशेने. गिलाव्याचे तुकडे, चुन्यातल्या विटा, सारं काही होड्यांत भरून जुन्या पाठीच्या जागेवर सोडलं गेलं. ती तीस कालवं थोरलीने स्वतःच्या हाताने वर ठेवली. राजा बघायला आला होता. सुनेने त्याच्या डोक्यावर एक टोपली चढवली. "नवीन माणसाला आमच्याकडे सूट नसते, महाराज," ती म्हणाली, आणि राजाने ती वाहिली.

भांडी मात्र तिने लगेच सोडली नाहीत. ती म्हणाली, "बघू." शहाणी होती.

समुद्र घाई करत नाही. पहिल्या वर्षी नखाएवढी पिल्लं बसली. दुसऱ्या वर्षी त्यांच्यावर आणखी बसली. तिसऱ्या वर्षी उधाणाची लाट पाठीवर आपटून मोडली, आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी तो आवाज ऐकून एकमेकांकडे बघितलं. चौथ्या वर्षी एका सकाळी थोरली आणि तिची सून होडीतून पाठीवरून जात होत्या. सुनेचं वल्हं हातातच थांबलं.

खाली, दोन पुरुष खोल, तळ दिसत होता. पांढरं कुठेच उरलं नव्हतं. करडी, हिरवट, जिवंत पाठ पसरली होती आणि तिच्यावर लाखो शिंपले केसभर उघडून पाणी पीत होते. फटींतून कोळंबीच्या मिशा हलत होत्या. बोय माशांच्या पिल्लांचा एक थवा आला, वळला, आणि वळताना चांदीसारखा चमकून पाठीच्या सावलीत शिरला. होडीची सावली तळावरून सरकत होती आणि तिच्यात दोघींची डोकी आणि खांदेही वेगळे ओळखू येत होते.

"आत्या," सून म्हणाली, आणि कडेवरून खाली वाकली.

थोरली कडेला हात टेकून बघत होती. एवढं मोठं काहीतरी साठ वर्षं आपल्या पायाखाली चाललं होतं, आणि आपण त्याला मेलेलं म्हणालो.

त्या दिवशी संध्याकाळी भांडी गाठोड्यातून बाहेर आली.

गेलेल्या एकोणीस घरांपैकी अकरा परत आली. रीत पुन्हा सुरू झाली, एका बदलासह. नव्या सुनेच्या डोक्यावर टोपली देताना आता तिला कारणही सांगतात, आणि ते तिने पुन्हा म्हणून दाखवल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत.

म्हणून लहानथोरांनी ध्यानात ठेवावं: जे राखण्याचं कारण आठवत नाही, ते मोडण्याआधी कारण शोधावं, मोडल्यावर ते सापडतं, पण फार महाग पडतं.

समुद्राकडची भिंत गेली. डोंगराकडची अजून उभी आहे. दर दिवाळीला ती नव्याने पांढरी होते. तिचा चुना कोणत्या खाडीतून येतो, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.